कमी पाणी कुणी घातलं

मन्नूबियाला हेवा वाटायला फार मोठं कारण लागत नसे. शेजारणीची भाकरी भट्टीत जरा जास्त फुगली तरी तिचा दिवस खराब जायचा. लहानपणी दार शाबान या गावी तिचे वडील दगडावर नक्षी कोरत बसायचे, तेव्हा ती उंबऱ्यात बसून बघायची आणि मनातल्या मनात जळायची. एवढा वेळ ते त्या दगडावरून हात फिरवतात, माझ्या डोक्यावरून कधी फिरवतात? ज्या मुलीला दगडाचा हेवा वाटला, तिला पुढे माणसांचा वाटला यात नवल काय.

लग्न होऊन ती शेजारच्याच नाबलला आली. नवरा तिजानी कुंभार. त्याच्या घराच्या अंगणात मधोमध नारिंगाचं झाड. कडू नारिंग. फळ मुरंब्यापुरतं, पण फूल म्हणजे सगळं वैभव. वसंतात ती फुलं चादरी अंथरून तोडायची, तांब्याच्या कत्तारमध्ये मंद आचेवर ठेवायची आणि नळीतून थेंब थेंब अर्क उतरवायचा. बाळाचं पोट दुखो, नवरीचे हात धुवायचे असोत, मयताला आलेल्या माणसांवर शिंपडायचं असो, की कॉफीत नुसता एक थेंब टाकायचा असो, ते फूलपाणी नसलेलं घर नाबलमध्ये घर म्हणून मोजत नसत.

नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात कळलं की या घरात आपल्याआधी एक लाडकी आहे. सासू तुर्किया, मानाने लल्ला तुर्किया, सकाळी उठली की आधी झाडापाशी जायची. "कशी आहेस गं, माझे बाई? झोप लागली का?" असं खोडाला थोपटून विचारायची. मग आत येऊन सुनेला म्हणायची, "उठलीस? पीठ मळ."

सासूचा एक नियम होता. कत्तारमधून उतरलेली पहिली बाटली सगळ्यात दाट, सगळ्यात सुगंधी. वर्षभर झाडाला जी पाणी घालेल, पहिली बाटली तिच्या कपाटात. त्या बाटलीचं बूच कुणासाठी उघडायचं आणि कुणासाठी नाही, हे तीच ठरवणार. सासू जिवंत होती तोवर अर्थातच तीच पाणी घालायची, तेही फार मोजून. कडक उन्हाळ्यातसुद्धा शुक्रवारचं जेवण आटोपलं की एकदा. मन्नूबियाने कधी बादली उचललीच तर म्हणायची, "ठेव खाली. तुझा हात सैल आहे."

मन्नूबियाने चाळीसेक वर्षं ते ऐकून घेतलं. सासूचं अंथरूण धुतलं, तिला घास भरवले, केस विंचरले. आणि मनात एक हिशेब पक्का ठेवला, की पुढची पहिली बाटली आपली.

एका हिवाळ्यात लल्ला तुर्किया गेली. त्या वसंतातलं सगळं फूलपाणी दुखवट्याला येणाऱ्यांवर शिंपडण्यात संपलं. ते मन्नूबियाला चाललं. तिचा डोळा पुढच्या वर्षावर होता.

पण चाळिसाव्या दिवसाच्या विधीसाठी तिची नणंद बेया सूसहून आली ती राहिलीच. बेया तिजानीहून मोठी, विधवा, मुलं परदेशात. तिने दोन ट्रंका आणल्या, स्वतःची कॉफीची कपबशी आणली आणि आल्या आल्या झाडाच्या खोडावर हात ठेवून म्हणाली, "माझ्या बापाने लावलेलं झाड. आता मी बघते याच्याकडे. तुला घरकाम काय थोडं असतं, मन्नूबिया?"

"नको हो लल्ला बेया," मन्नूबिया साखरेसारखं गोड हसली. "पाहुण्यांना कुणी कामाला लावतं का?"

"मी या घरात जन्मले."

"आणि मी या घरात म्हातारी झाले."

तिजानी भिंतीला टेकून चहा पीत होता. तो ग्लास घेऊन बाहेर निघून गेला. चाळीस वर्षांत तो एवढं नक्की शिकला होता.

तेव्हापासून झाडाचे दिवस फिरले. बेया पहाटेच्या नमाजानंतर अंगणातल्या पावसाच्या टाकीतून तांब्या तांब्याने पाणी घालायची. मन्नूबिया संध्याकाळी नळाला पाइप लावून घालायची. आपलं पाणी वाहून जाऊ नये म्हणून बेयाने आळ्याला मातीची उंच कड घातली. मन्नूबियाने दुसऱ्या दिवशी ती आणखी उंच केली. नणंदेच्या आळ्यात आपलं पाणी कमी मावलं असं कुणी म्हणायला नको.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं पिवळी पडू लागली. मग ती मलूल होऊन खाली लोंबली.

"तहानलंय बिचारं," बेया म्हणाली. "नळाचं पाणी त्याला मानवत नाही."

"तांब्याने कुठे झाडाची तहान भागते, लल्ला? ते काय चिमणीचं पिल्लू आहे?"

तांब्याची जागा बादलीने घेतली. पानं आणखी पिवळी झाली. मन्नूबियाला खात्री होती की आपण कमी पडतोय, आणि बेया चोरून जास्त घालत असणार. तिने ठरवलं, दुपारी सगळे झोपतात तेव्हा आणखी एक बादली घालायची.

त्या दुपारी गल्लीत कुत्रंही हलत नव्हतं. मन्नूबिया अनवाणी, बादली दोन्ही हातांत धरून, दाराची कडी न वाजवता अंगणात उतरली. झाडाच्या पलीकडून बेया येत होती. तिच्याही हातात बादली होती. तीही अनवाणी होती.

दोघी थबकल्या.

"तुम्ही झोपला नाहीत, लल्ला?"

"उकडतंय. तू?"

"मलाही उकडतंय."

"म्हणून बादली घेऊन फिरतेस?"

"तुम्ही काय बादलीने वारा घेताय?"

बेयाने बादली सरळ आळ्यात रिकामी केली. मन्नूबियाने मागे राहायचं नाही म्हणून आपलीही ओतली. पाणी आळ्यात पसरलं आणि तिथेच राहिलं. दोघी बघत होत्या. ते खाली जाईना. त्यात एक पिवळं पान पडलं आणि होडीसारखं तरंगत राहिलं. तळातून बुडबुडा आला, आणि त्याबरोबर असा वास, की बेयाने पदर नाकाला लावला. तुंबलेल्या मोरीचा वास.

"हे काय?" मन्नूबिया पुटपुटली.

आवाजाने तिजानी डोळे चोळत बाहेर आला. दोन बायका, दोन रिकाम्या बादल्या आणि मधे तळं बघून तो उंबऱ्यातच थांबला. "अरे देवा," तो म्हणाला, "झाडाला दोघी दोघी पाजताहेत आणि मला दुपारचा चहा एकीच्याही हातून नाही!"

"गप्प बस, सी तिजानी," मन्नूबिया म्हणाली. ती चिडली की नवऱ्याच्या नावाआधी 'सी', म्हणजे 'श्रीयुत', लावायची. "झाडाला काहीतरी झालंय."

तिजानीने आळ्यात पाय ठेवला. पाय घोट्यापर्यंत आत गेला. त्याने मुठीत माती घेतली, पिळली, हुंगली. माती हे त्याचं खाणंपिणं. "ही झाडाची माती राहिलेली नाही. ही माझ्या कारखान्यातली भिजत घातलेली माती झाली. यातून वारा कुठून जाणार? मुळं गुदमरली असतील. हे तहानेने वाळत नाहीये, बुडून मरतंय."

दोघी एकदमच बोलल्या.

"ही संध्याकाळी पाइप लावून—"

"या पहाटे उठून—"

"चूप!" तिजानी क्वचितच ओरडायचा. "कुणी बुडवलं ते नंतर भांडा. आत्ता फावडं आणा."

मन्नूबियाच्या डोक्यात मात्र निराळाच हिशेब सुरू झाला. झाड मेलं तर पहिली बाटली कुणाचीच नाही. आणि गल्लीभर म्हणतील, तुर्कियाने एवढी वर्षं सांभाळलं, सुनेने एका उन्हाळ्यात मारलं. बेयाचं नाव कुणी घेणार नाही, ती या घरची लेक. बोट सुनेकडेच येणार. ती फावडं आणायला अक्षरशः धावली.

आळ्याची कड फोडली. ओली माती खोडापासून ओढून काढली, वरची मुळं उघडी पडेपर्यंत. काही मुळं पांढरी, टणक होती. काही काळी पडलेली, बोटाने दाबली की साल निसटून हातात यायची. तिजानीने सुरी तव्यावर तापवून ती काळी मुळं कापली. प्रत्येक काप बेया डोळे मिटून ऐकत होती. "हळू रे," ती म्हणाली, "बापाचा हात लागलाय त्याला." खोडाच्या पायथ्याशी एक डिंकाचा थेंब फुटला होता, तो मन्नूबियाने ओल्या फडक्याने पुसून घेतला आणि जागा कोरडी केली. अंगणाच्या उताराकडे एक चर खणला. तिजानीने कारखान्यातून फुटक्या मडक्यांच्या टोपल्या आणल्या आणि चरात खापऱ्या भरल्या, म्हणजे पाणी त्यांतून निघून जाईल आणि वारा आत येईल. फांद्यांवरची छोटी हिरवी फळं तोडून टाकली, आजारी झाडाला पोटातलं ओझं नको म्हणून.

बेयाने शेळीचं खत घालायचं सुचवलं. तिजानी म्हणाला, "तापाने फणफणलेल्याला कोणी मेजवानी देतं का? काही घालू नका. पाणी नाही, खत नाही, दयासुद्धा नाही."

"मग करायचं काय?" बेयाने विचारलं.

"काहीच नाही. मडकं वाळवायचं तर दमाने वाळवावं लागतं. घाई केली की तडकतं. नुसतं बसा."

नुसतं बसणं! दोन्ही बायकांना याहून अवघड काम आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यातली मुख्य अडचण ही, की दोघींचाही एकमेकींवर विश्वास नव्हता. आपण हात आवरला आणि तिने चोरून एक तांब्या घातला तर? झाड जगलं तर श्रेय तिचं, मेलं तर दोष आपला.

तिजानीने एक साधी युक्ती काढली. झिलई न चढवलेल्या मातीची एक भाजलेली खापरी त्याने मुळांजवळ खोचली. "ही उद्या काढा. रंग गडद झाला तर माती ओली आहे, पाण्याला हात लावायचा नाही. फिकी निघाली तरच घालायचं, तेही एक तांब्या." त्यावर लगेच प्रश्न उभा राहिला की खापरी कोण उपसणार. शेवटी ठरलं, दोघींनी मिळून. एकीने खापरी धरायची, दुसरीने माती उकरायची, आणि दोघींनी एकाच वेळी बघायचं.

रोज सकाळी खापरी गडद निघायची. रोज दोघी तिच्याकडे बघायच्या आणि मग एकमेकींच्या हातांकडे.

मन्नूबियाने आपली खुर्ची स्वयंपाकघरातून उचलून अंगणात आणली. भाजी तिथेच निवडायची, मसूर तिथेच. बेयाने समोरच्या भिंतीशी चटई टाकली आणि भरतकाम घेऊन बसली. झाड मधे. एक उठली की दुसरी मान वर करायची.

"कुठे?"

"मोरीवर जाते. तिथेही येताय का, लल्ला?"

"ये लवकर."

गल्लीतल्या बायका डोकावून जायच्या आणि बाहेर सांगायच्या, तुर्कियाच्या घरी नणंद-भावजयीचं किती जमतं बघा, दिवसभर समोरासमोर बसलेल्या असतात!

समोरासमोर दिवसच्या दिवस बसल्यावर माणूस किती वेळ गप्प राहणार? एका दुपारी बेया सुईत दोरा ओवताना म्हणाली, "शेवटी शेवटी आईला बोलता येत होतं का गं?"

"येत होतं. अडखळत."

"काय म्हणायची?"

मन्नूबियाने मिरचीचं देठ तोडलं. "म्हणायची, सूप खारट आहे. मग संपवायची."

बेया हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "मी वर्षातून एकदा यायचे. ईदला. ती मला पाहुणीसारखी वाढायची. तुझ्याशी मात्र भांडायची. मला तुमचं भांडण ऐकून..." दोरा ओवला गेला नव्हता, तरी तिने सुई कापडात खुपसली.

मन्नूबिया हातातली मिरची विसरून बघत राहिली. या बाईला, सूसच्या मोठ्या घरात राहून आलेल्या, बापाचं झाड सांगणाऱ्या या बाईला आपला हेवा वाटतो! आयुष्यभर ती दुसऱ्यांचा करत आली होती. आपलाही कुणी करतं, ही चव तिने पहिल्यांदा चाखली. वाईट वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण संध्याकाळी भाकरी थापताना ती गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी तिने नणंदेला सासूच्या आणखी गोष्टी सांगितल्या. पुरवून पुरवून. सगळ्या एकदम दिल्या तर आपल्याकडे काय उरणार?

पानगळ झाली. अर्धं झाड उघडं पडलं. मग एका सकाळी खापरी फिकी निघाली. दोघींनी ती उन्हात धरली, गालाला लावून बघितली. एक तांब्या पाणी घातलं, तांब्या दोघींनी धरलेला. पाणी बघता बघता जमिनीत उतरलं. बेया म्हणाली, "प्यायलं." एवढंच. मन्नूबियाला वाटलं, हे आपण आधी म्हणायला हवं होतं.

शरदातला पाऊस आला तेव्हा नवीन पंचाईत. दोघींनी एवढा हात आवरला आणि वरून धो धो! मन्नूबिया आकाशाकडे बघून चिडली, "आता तूही त्याला पाज!" दोघींनी घरातली प्लास्टिकची ताडपत्री झाडाच्या बुंध्याभोवती अंथरली, उतार चराकडे ठेवला, कडांवर तिजानीची मडकी ठेवली. दोघी चिंब झाल्या. ज्या हातांनी पाणी ओतलं होतं, तेच आता पाणी अडवत होते.

थंडी सरता सरता फांद्यांच्या टोकांना कोवळी पालवी फुटली, इतकी फिकट हिरवी की आधी दोघींना ती दिसलीच नाही. आणि वसंतात फुलं आली. थोडीच. दर वर्षी चादर भरायची, यंदा जेमतेम एक परात. शेजारच्या घरांतून पोतीच्या पोती फुलांचा वास येत होता, आणि तो वास आला की मन्नूबियाचं मन कडू व्हायचं. तरी तिने परातीला कुणाला हात लावू दिला नाही. बेयालाही नाही. बेयानेही तिला लावू दिला नाही. शेवटी दोघींनी एक एक कान धरून परात चुलीपर्यंत नेली.

सासूचा लहान कत्तार काढला. आच मंद ठेवली. नळीतून थेंब पडू लागले. त्या घरी त्या वर्षी एकच बाटली भरली. पहिलीही तीच आणि शेवटचीही तीच.

"नियम आईचा आहे," बेया म्हणाली. "जिने पाणी घातलं तिची."

"जिने पाणी घातलं तिने झाड मारलं असतं," मन्नूबिया म्हणाली. "आता उलटं बघायला हवं. जिने कमी घातलं तिची. माझा पाइप बारीक होता."

"माझा तांब्या लहान होता! तूच म्हणालीस, चिमणीचं पिल्लू."

"मग बादली कुणाची होती?"

"आणि तुझी?"

मागच्या वर्षी दोघी पाणी जास्त घातल्याची फुशारकी मारत होत्या, यंदा कमी घातल्याची. तिजानीने बाटलीचं बूच मेणाने बंद केलं आणि ती अंगणातल्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवली. "नवं पाणी उग्र असतं. मुरू दे. जिला उघडायची तिने उघडा, मला विचारू नका. मी मेलो तर आलेल्यांवर नळाचं पाणी शिंपडा."

बाटली कोनाड्यात राहिली. तिला हात लावणं म्हणजे आपण मालकीण म्हणवून घेणं, आणि दुसरी लगेच बोलणार. पाहुणे आले, कॉफी झाली, कॉफीत थेंब पडला नाही. शेजारणीला नातू झाला, तिने फूलपाणी मागितलं, दोघींनी एकदम "मुरतंय अजून" असं सांगितलं.

उन्हाळ्यात वाळवंटाकडचा गरम वारा सुटला. तो सुटला की डोळ्यांत वाळू जाते, भिंतीला हात लागला तर चटका बसतो. त्या दुपारी बेयाचं डोकं धरलं. लहानपणापासून या वाऱ्यात तिचं डोकं असंच धरायचं. ती झाडाच्या सावलीत चटईवर आडवी झाली, कपाळ दोन्ही हातांनी दाबून. तिच्या तोंडून आवाजही निघत नव्हता. भांडण नाही, टोमणा नाही.

मन्नूबिया खुर्चीत बसून बघत होती. तिला सासू आठवली. बेयाच्या या डोकेदुखीबद्दल सासू तिला सांगायची, या वाऱ्यात माझी लेक तिकडे एकटी पडली असेल, तिच्या कपाळावर कोण पट्टी ठेवत असेल. ते ऐकून तेव्हाही मन्नूबिया जळायची. आपलंही डोकं दुखायचं की.

ती उठली. कोनाड्यापाशी जाऊन थांबली. मग नखाने मेण खरवडलं आणि बूच काढलं. त्या वासाने अंगण भरून गेलं. झाडावर त्या वेळी एकही फूल नव्हतं, तरी झाड फुलल्यासारखं वाटलं. तिने रुमाल ओला केला, पिळला, बेयाच्या कपाळावर ठेवला आणि वरून थोडं आणखी ओतायला बाटली तिरकी केली.

बेयाने डोळे न उघडता तिचं मनगट धरलं. "बस. हात सैल आहे तुझा. मलाही बुडवशील."

मन्नूबियाचा हात थांबला. तिने बूच घट्ट लावलं आणि बाटली आपल्या मांडीवर घेतली. वारा भिंतीवरून जात होता. जरा वेळाने ती म्हणाली, "बाटली मी उघडली, लल्ला. हे लक्षात ठेवा."

"ठेवते," बेया म्हणाली. "पण पहिला थेंब माझ्या कपाळावर पडला. गल्लीत सांगशील तेव्हा पुरं सांग."

मन्नूबियाने जरा विचार केला. मग रुमाल उलटा करून त्याची गार बाजू नणंदेच्या कपाळावर ठेवली. बाटली मात्र मांडीवरून हलवली नाही.